तपोदा : राजगृहाचे ऊन पाणी आणि स्नानाचा विनय

डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतून आपोआप ऊन पाणी वर येते, अशा स्थळास कोकणात ‘उन्हाळे’ म्हणतात. पालि साहित्यात येणारे या प्रकारचे सर्वात परिचित स्थळ म्हणजे राजगृहाच्या वेभार पर्वताच्या पायथ्याची ‘तपोदा’ होय. तिच्या काठच्या ‘तपोदाराम’ या विहारात भगवान बुद्धांनी वास्तव्य केल्याचे निकायांत नमूद आहे. आज राजगीरला जाणारे बहुतेक यात्रेकरू गृध्रकूट आणि वेणुवन पाहतात, सप्तपर्णी गुहेकडे जाताना वाटेवरच्या या गरम कुंडांवरून पुढे निघून जातात. परंतु पाणी, शुद्धी आणि समता या प्रश्नांचा विचार करणाऱ्या बौद्ध अभ्यासकाने तेथे थांबणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राशी या स्थळाचा संबंध दूरचा नाही. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीकाठी, अस्सक देशात राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान म्हणजे आजच्या पैठणवरून निघून तथागतांच्या भेटीसाठी मगधापर्यंत गेल्याचे वर्णन आहे. अकोले तालुक्यातील राजूर हे गाव ज्या प्रवरेच्या खोऱ्यात वसले आहे, ती प्रवरा पुढे पैठणच्या वरच्या बाजूस गोदावरीलाच मिळते. राजूरहून आज राजगीरला निघालेला उपासक याच प्राचीन दक्षिणापथाचा वारसदार आहे. याच दक्षिणापथाचा स्नानाच्या नियमाशीही प्रत्यक्ष संबंध आला, तो पुढे पाहू.

तपोदेची सर्वात महत्त्वाची कथा विनयपिटकातील पाचित्तियात, स्नानविषयक शिक्षापदाच्या निदानात येते. भिक्खू तपोदेत स्नान करीत होते. मगधराज बिंबिसार तेथे स्नानासाठी आला. भिक्खूंचे स्नान आटोपेपर्यंत थांबावे म्हणून तो एका बाजूस वाट पाहत राहिला. भिक्खू मात्र अंधार पडेपर्यंत नाहत राहिले. राजाचे स्नान उशिरा झाले, तोवर नगरद्वार बंद झाले आणि मगधाच्या अधिपतीला रात्र नगराबाहेर काढावी लागली. सकाळीच तो भगवंतांकडे गेला. हकीकत कळल्यावर भगवंतांनी भिक्खूंना दोष दिला, तो राजाला पाहूनही मात्रा न ओळखता नाहत राहिल्याबद्दल. अर्ध्या महिन्याच्या आत पुन्हा स्नान करू नये, असा नियम तेव्हा घालून देण्यात आला.

नियम एवढ्यावर थांबला नाही. प्रसंग येत गेले तसतसे त्यात अपवाद जोडले गेले. उन्हाळ्याचा शेवटचा दीड महिना आणि पावसाळ्याचा पहिला महिना, म्हणजे उष्मा व तलखीचा काळ, आजारपण, अंगमेहनतीचे काम, प्रवास, वारा-पाऊस. या सर्व वेळी स्नानास मोकळीक मिळाली. महावग्गाच्या चम्मक्खंधकात पुढचा टप्पा दिसतो. अवंती-दक्षिणापथात राहणाऱ्या महाकच्चायनांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्यामार्फत भगवंतांना निरोप धाडला, की त्या प्रदेशातील लोक स्नानाला महत्त्व देणारे आहेत. तेव्हा मध्यदेशाबाहेरील सर्व प्रत्यंत जनपदांत नित्य स्नानाची अनुज्ञा देण्यात आली. आपला महाराष्ट्र त्या सीमेबाहेरच पडतो. ज्या महाकच्चायनांनी ही मागणी केली, त्यांच्याच नावाने मज्झिमनिकायात भद्देकरत्ताचे विवरण आहे आणि त्याची सुरुवात तपोदेत स्नान करून बाहेर आलेल्या समिद्धी भिक्खूपासून होते, हा योगायोगही लक्षणीय आहे.

या नियमांचे निकष काय आहेत, हे पाहावे. ऋतू, रोग, श्रम, प्रवास, प्रदेश. यांत जन्म कोठेही नाही. ज्या संघात न्हावी उपाली होता, राजगृहातच झाडू-सफाई करणारा सुनीत होता, त्या संघाचे स्नान आटोपेपर्यंत राजा थांबला, असे विनय सांगतो. त्या दिवशी पाण्यात कोण होते, त्यांची नावे ग्रंथात नाहीत, म्हणून सुनीत त्यांत होता असे म्हणता येणार नाही. परंतु कथेत कोणाच्याही स्पर्शाने पाणी विटाळल्याचा लवलेश नाही. उलट दोष लागला तो आदर मिळतो म्हणून पाणी अडवून बसणाऱ्यांना. संघही सार्वजनिक पाण्याचा मालक नाही, हा या शिक्षापदाचा आशय आहे.

स्नानाने पाप धुतले जाते, ही कल्पना तर धम्माने स्पष्टपणे नाकारली. मज्झिमनिकायाच्या वत्थूपमसुत्तात बाहुका नदीच्या पुण्याईवर विश्वास ठेवणाऱ्या सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणाला भगवंत आंतरिक स्नान सांगतात. थेरीगाथेतील पुण्णा ही श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाची पाणी वाहणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत बुडणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने मुक्ती मिळत असेल तर बेडूक, कासवे यांनाही स्वर्ग का मिळू नये? धम्मात पाण्याचे प्रयोजन आरोग्याचे आहे. चुल्लवग्गात जीवक वैद्याच्या सल्ल्यावरून ‘जंताघर’ म्हणजे उष्ण स्नानगृहाची अनुज्ञा दिल्याचे आढळते, तेही शरीरस्वास्थ्यासाठीच. सातव्या शतकात आलेला ह्युएनत्संग राजगृहाच्या गरम झऱ्यांचे वर्णन करताना दूरदूरचे लोक येथे स्नानास येतात व जुने आजार बरे होतात, असे नोंदवतो. आज तेथील ब्रह्मकुंडाभोवती मंदिरे आहेत आणि विपुलगिरीच्या बाजूस सूफी संत मखदूम शरफुद्दीन यांच्या नावाचे मखदूम कुंड आहे. पाणी तेच राहिले. त्यावरील नावे काळानुसार बदलली.

महाराष्ट्रातील उन्हाळ्यांकडे पाहताना हाच विवेक ठेवला पाहिजे. उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, सह्याद्रीला समांतर अशा पट्ट्यात अशी सुमारे १८ स्थळे आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथे तापते आणि पुन्हा वर येते, असे भूशास्त्र सांगते. सुधागड तालुक्यात पालीजवळ उन्हेरे येथे ऊन पाण्याची कुंडे आहेत आणि त्याच तालुक्यात ठाणाळे व खडसांबळे ही बौद्ध लेणी आहेत. तथापि केवळ शेजारावरून कुंडे बौद्धांची होती असे म्हणता येत नाही, जसे ‘पाली’ या गावाच्या नावावरून पालि भाषेचा संबंध जोडता येत नाही. वज्रेश्वरी या नावावरून वज्रयानाचा निष्कर्ष काढणेही तितकेच घाईचे आहे. आपल्या इतिहासाला पुराव्याचे बळ आहे, त्याला अशा तर्कांची गरज नाही. पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके दान दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. पाणी उपलब्ध करून देणे हे पुण्यकर्म मानले जात होते, याचा हा दगडावर कोरलेला पुरावा आहे.

या पार्श्वभूमीवर महाडचे स्मरण अपरिहार्य आहे. महाडजवळ सव येथे सावित्रीकाठी उन्हाळे आहे, गावालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, आणि त्याच महाडात अस्पृश्यांना चवदार तळ्याचे पाणी वर्ज्य होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र घालून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पुण्णा थेरीने ज्या भ्रमाची चिकित्सा केली, तोच भ्रम येथे उलटा झाला होता : पाणी माणसाला शुद्ध करते असे म्हणणारेच आता माणसामुळे पाणी अशुद्ध होते असे म्हणत होते. तळ्यावरील हक्क न्यायालयात कायम होण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

बिंबिसाराच्या कथेचा आणि महाडच्या लढ्याचा थेट ऐतिहासिक दुवा दाखवता येत नाही, तशी आवश्यकताही नाही. दोहोंत एकच प्रश्न आहे : सार्वजनिक पाण्यावर मर्यादा कोणत्या निकषाने घालायची? विनयाने गरज आणि मात्रा हा निकष दिला. वर्णव्यवस्थेने जन्म हा निकष लादला. राजगीरला जाणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांनी वेभारच्या पायथ्याशी क्षणभर थांबावे, पुण्यासाठी बुडी मारू नये, आणि सोबतच्या मुलांना हे शिक्षापद समजावून सांगावे. आजही गावोगावी विहिरी, टाक्या आणि नळ यांवरून जेथे माणसाला मागे उभे केले जाते, तेथे हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा नियम लागू करण्यासारखा आहे.