बहिष्कार : बाहेर कोण आणि किंमत कोणाची?

आजचा शब्द ‘बहिष्कार’. संस्कृतात ‘बहिस्’ म्हणजे बाहेर. त्याला ‘कृ’ धातू जोडला की झालं ‘बाहेर काढणे’. आता बघा, एखादा देश ऑलिंपिकला जात नाही तेव्हा तो कुणाला बाहेर काढतो? कुणालाच नाही. तो स्वतःच बाहेर राहतो. तरी आपण म्हणतो, त्याने बहिष्कार टाकला. हा अर्थ असा उलटा कसा झाला?

आपल्याकडे या शब्दाचं मूळ घर जात आणि गावकी. वाळीत टाकणं, रोटीबेटी व्यवहार तोडणं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आलं. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. इथे बहिष्कार म्हणजे बहुसंख्यांनी एकट्याला दिलेली शिक्षा.

पुढे १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि तेच टिळक बहिष्कार हे राजकीय शस्त्र म्हणून हाती घेतात. स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार आला. त्याच्याआधी पंचवीस वर्षं, १८८० साली, आयर्लंडमध्ये कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार बंद केले होते. त्याच्या आडनावाचंच इंग्रजीत क्रियापद झालं. पद्धत वाळीत टाकण्याचीच, पण दिशा बदलली. आता दुबळे बलवानाला वाळीत टाकत होते.

मात्र जुना अर्थ मेला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढली, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ पत्र काढलं. म्हणजे एकीकडे सायमन कमिशनवर बहिष्कार घालणारं राष्ट्र आणि त्याच राष्ट्राच्या आत एक बहिष्कृत भारत. एकाच दशकात, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते.

आता खेळाकडे येऊ. १९७४ साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या निषेधार्थ आपण खेळलो नाही आणि चषक त्यांना मिळाला. अमृतराज बंधूंच्या हाताशी आलेली संधी गेली. देशाच्या भूमिकेची किंमत खेळाडूंनी मोजली. १९८० साली अमेरिकेसह अनेक देश मॉस्कोला गेले नाहीत. हॉकीत पुरुषांचे जेमतेम सहा संघ उरले, आपल्याला सुवर्णपदक मिळालं. आणि सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात पुढची जवळजवळ नऊ वर्षं राहिल्याच.

मुत्सद्देगिरीने यावर तोडगा काढला, ‘राजनैतिक बहिष्कार’. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये गलवानच्या संघर्षातल्या चिनी अधिकाऱ्याला मशालवाहक केलं, तेव्हा आपले दूतावासप्रमुख उद्घाटनाला आणि समारोपाला गेले नाहीत. खेळाडू मात्र खेळला. निषेध नोंदवला गेला आणि कुणाचं फारसं बिघडलंही नाही.

आता प्रश्न असा की यातला योग्य बहिष्कार कोणता, हे ओळखायचं कसं? माझ्या मते कसोटी एकच, किंमत कोण मोजतो? परदेशी कापड सोडणाऱ्याने महाग, जाडंभरडं कापड अंगावर घेतलं, म्हणजे स्वतः झीज सोसली. जातपंचायतीचे पंच मात्र काहीच सोसत नाहीत. सगळा भार वाळीत पडलेल्या कुटुंबावर. म्हणून एकाला आपण चळवळ म्हणतो आणि दुसऱ्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेला.

तेव्हा उद्या कुणी तुम्हाला ‘यांच्यावर बहिष्कार घाला’ म्हणालं, मग तो चित्रपट असो, दुकान असो की क्रिकेटचा सामना, तर आधी एवढंच विचारा, यात सोसणार कोण? आपण, की ज्याच्याकडे उत्तर द्यायची ताकदच नाही असा कुणी? दुसरं उत्तर आलं, तर तो निषेध नव्हे. ते जुनं ग्रामण्यच, फक्त नवे कपडे घालून आलेलं.