दिनविशेष : १९ डिसेंबर २०१३
गायतोंडेंच्या चित्राला पावणेचोवीस कोटी

आलापल्लीत लिलाव म्हटला की डोळ्यांपुढे येतं ते डेपोतलं सागवान. बोलीचा खेळ चित्रांच्या बाजारातही तितकाच चुरशीचा असतो. ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने भारतातला आपला पहिला लिलाव आजच्याच दिवशी मुंबईत, ताजमहाल पॅलेस हॉटेलात घेतला. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं बिनशीर्षकाचं तैलचित्र तिथे २३.७ कोटी रुपयांना गेलं. अंदाज होता साडेसहा ते साडेआठ कोटींचा!

गायतोंडे मूळचे गोव्याकडचे, पण जन्म नागपूरचा, १९२४चा. म्हणजे आपल्या विदर्भाचाही थोडा हक्क आहेच. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या अबोल माणसावर जपानच्या झेन विचाराचा खोल ठसा होता. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत, खरवडत. माणूस, झाड, घर असं ओळखीचं काही त्यांच्या चित्रांत शोधू नये. चित्रं मोजकीच केली. २००१ मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं. कोटींच्या या बोल्या त्यांच्या वाट्याला आल्याच नाहीत.

झेनचा धागा धरून जपानी कलाच पाहायची असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत. तिथे बोली लावावी लागत नाही, तिकीट पुरतं.