‘हा आजार आहे का?’ : नव्वद वर्षांपूर्वीचा एक प्रश्न

मुलाला मुलाबद्दल किंवा मुलीला मुलीबद्दल ओढ वाटणे हा आजार आहे का? जिंतूर-गंगाखेडकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी आज हे रात्री पांघरुणात मोबाईलवर शोधते. तुम्हीही शोधले असेल, तर तुम्ही पहिले नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. घरी विचारता येत नाहीत असे प्रश्न वाचक त्यात पत्राने विचारत आणि कर्वे सरळ भाषेत उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांवरच्या अशाच उत्तरांमुळे १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, आणि लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरत नाही, अशी त्यांची बाजू होती. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या अभ्यासकाचा आधार घेतला. तरीही खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. (आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती.)

आमच्या वैद्यकशास्त्रालाही शहाणपण उशिरा आले, हे मान्य करायला हवे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १८६० पासूनच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. आणि ‘कल बदलून देतो’ म्हणून उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले. म्हणजे पालकहो, असे औषध, इंजेक्शन किंवा शॉक सुचवणाऱ्याकडे मुलाला नेऊ नका. लग्न लावून देणे हाही उपाय नव्हे. त्यात दुसऱ्याही एका आयुष्याची फरफट होते.

त्रास होतो तो कलामुळे नव्हे, लपवावे लागण्यामुळे. गावात सगळे ओळखीचे, समजून घेणारा एकच माणूस भेटतो, आणि मग तो कसाही वागला तरी सोडवत नाही. ‘सोडून गेलास तर घरी सांगेन’, ‘फोटो पाठव, नाहीतर प्रेम नाही’, मोबाईलचा पासवर्ड मागणे, मित्रांपासून तोडणे, पैसे उकळणे. हे प्रेमाचे लक्षण नाही, मग समोरची व्यक्ती स्त्री असो वा पुरुष. ‘आपल्यासारख्यांना एवढेच मिळते’ असे वाटते तेव्हा जरा थांबा. हे वाक्य तुमचे नाही, शरमेने शिकवलेले आहे.

तुमचे वय अठराच्या आत असेल आणि कुणी लैंगिक बळजबरी किंवा धमकी देत असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद न करता तुमच्या बाजूने आहे. धमकीचे मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो.

स्वतःला कोणते नाव द्यायचे हे आजच ठरवायची घाई नाही. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स, क्वीअर, किंवा ‘अजून माहीत नाही’. सोळाव्या वर्षी हे शेवटचे उत्तरही पूर्ण उत्तर असते. घरी सांगायचे की नाही हेही आधी सुरक्षितता पाहून ठरवा.

जीव नकोसा वाटत असेल तर मात्र आजच बोला. टेली मानस, १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही मोफत आहे.