आधी संसार, मग मांडव

चार जिवाभावाची माणसं, समोर डोंगर, वाजंत्री नाही, पंगती नाहीत, मानपानाची रुसवाफुगवी नाही, अशा लग्नाची शहरात हल्ली हौस वाढली आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत असं छोटेखानी लग्न लावायचं तर रीतसर परवाना काढावा लागतो. आपल्याकडे अभयारण्यात शिरायलासुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि ज्या कामांसाठी ती मिळते त्या यादीत अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन वगैरे आहे, लग्न नाही. त्यामुळे हौशी जोडपी जंगलाच्या कडेकडेनं जागा शोधतात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत मात्र पाहुण्यांवाचून, मांडवावाचून, पुष्कळदा घरच्यांना न विचारता संसार थाटण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बाहेरून आलेल्यांनी तिच्याकडे कधी रानटीपणा म्हणून नाक मुरडून पाहिलं, तर कधी मोकळं, निर्व्याज प्रेम म्हणून कौतुकानं. माझ्या मते दोघांचीही नजर चुकली. आज आपल्याला दिसते त्या रूपात ही रीत घडवण्यात जंगलापेक्षा सावकाराच्या वहीचा वाटा मोठा आहे.

आधी रीत कशी चालते ते पाहू. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या सगळ्या जमातींत तपशील वेगळे आहेत, तरी ढोबळ क्रम सारखा दिसतो. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत करतात, एखाद्या दिवशी मुलगी मुलाच्या घरी किंवा दुसऱ्या पाड्यावरच्या नातेवाइकाकडे जाते. काही दिवसांत दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, मुलीच्या बापाला द्यायचं देज ठरतं, थोडी दारू होते आणि जोडपं नवरा-बायको म्हणून राहू लागतं. देज द्यायची ऐपत नसेल तर मुलगा सासऱ्याच्या घरी राबून ते फेडतो, म्हणजे घरजावई होतो. पळून जाण्यातला चोरटेपणा चार दिवसांपुरता असतो. सगळ्या पाड्याला माहीत होतं आणि सगळा पाडा ते मान्य करतो. खरं लग्न मात्र मागे राहतं. ते पाच वर्षांनी होईल, पंधरा वर्षांनी होईल. मुलं लग्नाला आली तरी आई-बापांचं झालेलं नाही, आणि अखेर एकाच मांडवात आधी आई-बाप आणि मग मुलगा-सून उभे राहतात, असे प्रसंग या भागात नवलाचे नाहीत.

म्हणून कोणी असं समजेल की या लोकांना लग्नविधीची किंमत नाही, तर वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. वारली लग्न हा मोठा, कित्येक दिवस चालणारा आणि फार नेटका सोहळा. पौरोहित्य धवलेरी करते. ती बाई असते, ब्राह्मणाची गरज पडत नाही. सुवासिनी घरातल्या गेरू किंवा शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. चौकाच्या मधोमध पालघाट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौक लिहिल्याशिवाय आणि धवलेरीनं गाण्यातून देवांना बोलावल्याशिवाय लग्न लागत नाही. आज जगभर पोहोचलेली वारली चित्रकला मुळात या एका प्रसंगासाठी होती. 1970 च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, आणि आता शहरातल्या लग्नपत्रिकांवर तारपा नाच दिसतो. ज्यांच्याकडून चित्र घेतलं, त्यातल्या कित्येकांना स्वतःच्या भिंतीवर चौक लिहायला वीस-वीस वर्षं थांबावं लागलं, हे पत्रिका छापणाऱ्यांच्या गावीही नसतं. विधीला इतकी किंमत असल्यामुळेच तो उरकून टाकता आला नाही, पुढे ढकलावा लागला. संसार थांबवता येत नव्हता, मांडव थांबवता येत होता.

थांबवावा का लागला? लग्नाला लागतं तांदूळ, कोंबड्या-बकरी, लुगडी, देज आणि दारू. यातलं बरंचसं एके काळी घरचं होतं. भात-नागली शेतात किंवा दळीत, म्हणजे जंगलातली जमीन भाजून केलेल्या पेऱ्यात, पिकायची, ताडी-माडी झाडावरून उतरायची, मोहाची दारू घरी गाळली जायची. 1878 साल या हिशेबात फार महत्त्वाचं आहे. त्या एकाच वर्षी भारतीय वन कायदा आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा, दोन्ही आले. पहिल्यानं राखीव जंगलात जमीन भाजून पेरणं गुन्हा ठरवलं, दुसऱ्यानं दारू गाळण्याचा हक्क सरकारच्या आणि मक्तेदाराच्या हाती दिला. 1892 च्या मोह कायद्यानं ठाणे-कुलाब्यासारख्या जिल्ह्यांत (आजच्या पालघरचा बहुतेक भाग तेव्हा ठाण्यातच होता) मोहाची फुलं साठवण्यावरही बंधन आणलं. म्हणजे सोहळ्याचा जो भाग घरात तयार होत होता तो बाजारातून, रोख पैशानं आणावा लागू लागला. आणि रोख पैसा होता फक्त सावकाराकडे, जो तोवर जमीनदारही झाला होता. पावसाळ्यात खायला घेतलेली खावटी भातानं फिटायची, निदान फिटल्याचा भास व्हायचा. लग्नाचं कर्ज माणसानंच फेडायचं होतं.

या फेडीला ठाणे जिल्ह्यात नाव होतं लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि फिटेपर्यंत त्याच्याकडे गडी म्हणून राबायचं. मजुरी नावापुरती, व्याज जमीनदार सांगेल ते, हिशेबाची वही त्याचीच आणि वाचता येणारा माणूसही तोच. लग्न करून आणलेली बायकोही त्याच वाड्यावर कामाला जुंपली जाई. डी. सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्यानं मुंबई सरकारला दिलेला, 1939 मध्ये प्रसिद्ध झालेला आदिवासींवरचा अहवाल या पद्धतीला गुलामगिरीच्या पंक्तीला बसवतो, आणि तो अहवाल लिहिणारा चळवळ्या नव्हता, सरकारी नोकर होता. पुढे किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लग्नगड्यांची हकिगत लिहिली आणि मराठी वाचकाला ती कळली. 1945 च्या मे महिन्यात झरी इथल्या परिषदेपासून किसान सभेनं वारल्यांना वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उभं केलं, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, पण लग्नगडी मोकळे झाले. एखाद्या शेतकरी लढ्याच्या मागण्यांत जमीन, मजुरी यांच्या बरोबरीनं लग्न असावं, हे महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच घडलं असेल. आता या परिस्थितीतला विशीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. मांडव घातला तर तो आणि त्याची बायको वाड्यावर बांधले जाणार. मुलगी गुपचूप घरी आली तर दोघं आपल्या पाड्यावर राहणार. पळून जाणं हे इथं आई-बापांविरुद्धचं बंड कमी आणि कर्जाविरुद्धची पळवाट जास्त होतं. कित्येकदा आई-बापांची त्याला मूक संमती असणार, कारण कर्ज त्यांच्याही अंगावर आलं असतं.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येईल. सिमिंग्टनचा अहवाल आणि 1945 चा लढा यांचा भर डहाणू-उंबरगाव-पालघर पट्ट्यावर आहे, जव्हार तर मुकणे घराण्याचं संस्थान होतं, आणि राजे स्वतः महादेव कोळी. तिकडचा पुरावा इकडे का लावायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धं. 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली ठाणे जिल्ह्यातले जे प्रदेश ‘अंशतः वर्जित’ ठरले त्यांत डहाणू आणि शहापूर तालुक्यांसोबत उंबरगाव आणि मोखाडा या पेट्यांची, म्हणजे उपतालुक्यांची, नावं आहेत. सिमिंग्टनचा अहवाल अशाच प्रदेशांवर होता, म्हणजे मोखाडा थेट त्याच्या कक्षेत येतो. जव्हार त्याबाहेर राहिलं ते संस्थान म्हणून, तिथली माणसं वेगळी म्हणून नव्हे. संस्थानची हद्द सोयरिकींच्या आड येत नव्हती, एका बाजूचा पाडा दुसऱ्या बाजूला मुली देत-घेत होता. मैदानी पट्ट्याइतकी मोठी जमीनदारी डोंगरात नव्हती, हे मात्र मी मान्य करतो. तिथे लग्नगडी पद्धतीचा विळखा सैल असेल. पण लग्नासाठी रोख लागणं आणि रोख नसणं, या दोन गोष्टी मैदानात आणि डोंगरात सारख्याच होत्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पळून जाणं तर सावकारापेक्षा फार जुनं. स्मृतिकारांनी आठ विवाहांत गांधर्व आणि राक्षस विवाह मोजले, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी विवाहसंस्थेच्या इतिहासात अशाच जुन्या थरांचा शोध घेतला. मग आदिवासींत हे जुनं रूप टिकून राहिलं एवढंच म्हणावं की. घरजावई पद्धत आणि देज ही 1878 च्या आधीची आहेत हे उघड आहे, तेव्हा मुळाचा वाद मी घालत नाही. माझा मुद्दा प्रमाणाचा आणि मुदतीचा आहे. जुनी रीत एका हंगामात किंवा दोन-चार वर्षांत मांडवापाशी पोहोचत असेल, तर तिला वीस वर्षं लावणारं दुसरं काहीतरी असलं पाहिजे. ते निव्वळ जुनेपणात सापडत नाही. लग्न महाग झालं की पळवाटा रुळतात, हे आदिवासींपुरतंही नाही. इंग्लंडमध्ये 1753 चा विवाह कायदा आला, चर्चमधली जाहीर घोषणा आणि एकवीस वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सक्तीची झाली, आणि तरुण जोडपी स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनकडे धावू लागली. तिथे कायद्यानं अट वाढवली, इथे बाजारानं. झारखंडातल्या मुंडा-उरांवांतही लग्नावाचून नांदणाऱ्या ‘ढुकू’ बायका आहेत, आणि तिथेही अडचण गावजेवणाच्या खर्चाचीच सांगितली जाते.

मग विधीच लहान का केला नाही, चार माणसांत चौक लिहून मोकळं का झाले नाहीत, असं शहरी वाचक विचारेल, कारण त्याला स्वतःला हवं आहे ते नेमकं तेच. पण ज्या समाजात लग्नाचा कागद नव्हता तिथे गावजेवण हीच दप्तरातली नोंद होती. जेवून गेलेला प्रत्येक माणूस साक्षीदार. शहरातल्या जोडप्याला पाहुणे गाळता येतात, कारण त्याच्या लग्नाची साक्ष सरकारी दाखला देतो. पाड्यावर पाहुणे गाळले की साक्षच गळते.

या गळतीचा तोटा सर्वांत जास्त बाईला झाला, आणि इथे कौतुक करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आदिवासी बाईला नवरा सोडून दुसरं घर करण्याची मोकळीक हिंदू मध्यमवर्गापेक्षा जास्त होती, हे खरं. पण नवरा मेला किंवा निघून गेला तर जमिनीवर, पेन्शनवर, भरपाईवर हक्क सांगायला तिच्याकडे काही नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना मुळात लागू नाही, त्यांचं लग्न रूढीनं ठरतं, आणि रूढीचा विधीच झालेला नसेल तर बाईनं दाखवायचं काय? दीर्घकाळ एकत्र राहिलेल्यांना विवाहित समजावं असं सर्वोच्च न्यायालयानं 1978 च्या बद्री प्रसाद खटल्यात म्हटलं आहे, पण त्याचा फायदा घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि ती मोखाड्यातून फार लांब आहे. वयाची गोष्ट त्याहून बिकट. पळून येणारी मुलगी अठराच्या आतली असेल तर ते आता प्रेमही नाही आणि रूढीही नाही, 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली तो गुन्हा आहे. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. कुपोषणाला कारणं अनेक, पण अपुऱ्या वयातली, उपाशी पोटाची आई हे त्यांतलं एक आहे. त्यामुळे जुनी रीत जशीच्या तशी जपावी असं मी म्हणणार नाही.

वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं संपली असं कागद सांगतो. पण दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातून भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे जे लोंढे उतरतात, त्यांची कामं ‘जोडी’वर ठरतात. नवरा-बायको मिळून एक जोडी, आणि उचल दोघांच्या नावावर. कातकऱ्यांत ही उचल लग्नासाठीही घेतली जाते, आणि हंगामभर विटा पाडूनही ती फिटत नाही तेव्हा पुढच्या वर्षी तीच भट्टी. लग्नगड्याचा जमीनदार गेला आणि त्याची वही भट्टीवर आली, एवढाच फरक. एकट्याला भट्टीवर तितकं काम नाही, हेही मुलामुलींनी लवकर, मांडवावाचून एकत्र येण्याचं आजचं एक कारण आहे.

यावर सध्याचा आवडता उपाय सामुदायिक विवाह. आदिवासी विकास विभागाची कन्यादान योजना आहे, संस्था आणि पुढारीही मांडव घालतात, शेकडो जोडपी एका दिवशी उभी राहतात. कर्ज टळतं, ही मोठी गोष्ट आहे आणि तिची टिंगल करू नये. पण त्या मांडवात बहुतेकदा मंगलाष्टकं ध्वनिक्षेपकावर होतात, चौक फ्लेक्सवर छापलेला असतो आणि ज्यांचं लग्न त्यांच्या रूढीतला विधी सोडून बाकी सगळं होतं. कायद्याच्या दृष्टीनं आदिवासींचं लग्न रूढीवर उभं असताना हे उफराटं आहे. त्यापेक्षा स्वस्त आणि सोपा मार्ग ग्रामपंचायतीतच आहे. महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार खेड्यात ग्रामसेवकाकडे विवाह नोंदता येतो. अर्जात साक्षीदारांसाठी जागा आहे, लग्न लावणाऱ्यासाठीही आहे. दोघंही सज्ञान असतील तर जोडपं घरी आल्यावर वडीलधारी माणसं बसतात त्याच आठवड्यात चौक लिहून, धवलेरीला बोलावून, गावजेवण न घालता ही नोंद व्हावी. जव्हार-मोखाड्याच्या ग्रामसेवकांनी आणि ग्रामसभांनी हे मनावर घ्यावं, आणि लग्न लावणाऱ्याच्या रकान्यात धवलेरीचं नाव बिनदिक्कत लिहावं.