खंजेरीचं चामडं

१९७४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झाले होते, कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. आबाजींनी बंडी जुंपली अन् आम्ही मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला निघालो.

महाराजांना मी पाहिलं नव्हतं. ते ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन सुरू झालं. एवढा जनसागर, पण पोरही रडत नव्हतं. रात्री भजनात एका म्हाताऱ्यानं खंजेरीवर थाप मारली अन् मी उठून बसलो. ना पेटी, ना तबला. एक लाकडी कडं, त्यावर चामडं, बाजूला झांजांच्या चकत्या. अन् सारा मांडव डोलत होता.

परतताना आबाजी बोलत होते. "खंजेरी झोळीत मावते. महाराज इंग्रजाच्या राज्यात गावोगाव हिंडले ते हिच्यावरच. ज्याले वाचता येत नाही, त्याले भजन समजते ना!" ते खरंच होतं. १९४२ च्या चळवळीत सरकारनं महाराजांना नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' नंतर आली. त्याआधी गावात खंजेरी पोचली होती.

कापूस वेचणीच्या पैशातून मी जुनी खंजेरी घेतली. चामडं फाटलेलं. गावाच्या खालच्या अंगाला जोडे शिवणाऱ्या एका काकांनी बकऱ्याचं चामडं भिजवून ताणून बसवलं, सावलीत वाळवलं. थंडीत आवाज बसला की शेकोटीवर धरायचं, हेही त्यांनीच शिकवलं. पैसे घेतले नाहीत.

घरी आलो तर आजी दारातच. "हे चामडं घरात काहून आनलं? कोनाच्या हातचं हाय, मालूम हाय ना?"

आबाजी म्हणाले, "मंग मृदुंगाले का सोन्याचं पान मढवते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना बोलावलं. आजीनं त्यांच्यासाठी वेगळी कपबशी काढली. आबाजींनी तीच उचलून त्यातला चहा स्वतः प्यायला अन् आपला कप काकांपुढं सरकवला. कुणी काही बोललं नाही. मोझरीत सगळे एका रांगेत बसतात, हे मी पाहिलं होतं. ओसरीवर ते इतकं अवघड असेल, हे तेव्हा कळलं.

अंगठ्याला फोड आले, ठेका महिनाभर चुकत राहिला. पुढं अकोटच्या सत्यपाल महाराजांना एका वेळी सात खंजेऱ्या वाजवताना पाहिलं, तेव्हा आपण किती पाण्यात आहो ते समजलं. पण गावच्या सामुदायिक प्रार्थनेपुरता हात बसला.

आजीनं खंजेरी देवघरात शेवटपर्यंत येऊ दिली नाही. ती ओसरीच्या खुंटीलाच टांगलेली असे. पण संध्याकाळी मला उशीर झाला, तर हाक तिचीच यायची, "काऊन रे, आज वाजवत नाही का?"

काकांना मात्र तिनं पुन्हा कधी चहा दिला नाही. त्यांचं चामडं अजून वाजते.