प्रशिक्षक गेला, मग काय उरलं?

यश प्रशिक्षकाचं की व्यवस्थेचं, हे तपासायचंय? मग प्रशिक्षक बदलला तो काळ बघा. १९५९ मध्ये बिल शँकली दुसऱ्या श्रेणीतल्या लिव्हरपूलला आले आणि जुने साहाय्यक त्यांनी कायम ठेवले. १९७४ मध्ये ते निवृत्त झाल्यावर क्लबने त्याच साहाय्यकांतले बॉब पेझली नेमले. नऊ वर्षांत सहा लीग विजेतेपदं, तीन युरोपियन कप!

मँचेस्टर युनायटेडचं उलट झालं. २०१३ मध्ये विजेतेपद जिंकून ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले. नव्या डेव्हिड मॉइसनी बहुतेक साहाय्यकही बदलले. पुढच्या हंगामात संघ सातवा.

म्हणजे साहाय्यक टिकले की यश टिकतं? थांबा. खेळाडूंचं वय, पैसा, प्रतिस्पर्धी हेही वेगळे होते. दोन उदाहरणांतून सिद्धान्त मिळत नाही, तपासण्याजोगी परिकल्पना मिळते. तुमच्या विषयातही आधी विचारा: काय बदललं आणि काय बदललंच नाही?