दुधाच्या भावाची जोखीम : खेडा जिल्हा व मुंबई

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं, आमच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, बखरी आणि रोजकीर्दी येतात. ज्या व्यवहारावर असंख्य कुटुंबांची मीठभाकर अवलंबून असते, त्याचे कागद मात्र संग्राहकांच्या रुमालांत क्वचितच शिरतात. दुधाचा धंदा हा असाच एक व्यवहार होय. भाव उतरला, गिऱ्हाईक फिरलें किंवा जनावर आटलें, तर तोटा कोणाच्या माथीं बसावा, हा त्या धंद्यांतील मूळ प्रश्न. गुजराथेंतील खेडा जिल्हा व मुंबई शहर यांच्या व्यवहारांत या प्रश्नास निरनिराळ्या काळीं चार उत्तरें मिळालीं. त्यांची संगति लावण्याचा यत्न प्रस्तुत टिपणांत आम्ही करीत आहों.

पहिलें उत्तर तुपाचें. दूध कांहीं प्रहरांत नासतें. तूप महिनेन्‌महिने टिकतें. सबब जेथें दुधास जवळ गिऱ्हाईक नसे, तेथें शेतकरी विरजण लावून लोणी काढी, तें कढवून तूप करी व ताक घरीं ठेवी. भाव पडल्यास कांहीं काळ थांबण्याची सवड त्यास अशा रीतीनें मिळे. परंतु ज्यानें व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली असेल, त्यास ही सवड नांवापुरतीच उरे.

दुसरें उत्तर मुंबईच्या गोठेवाल्यांचें. शहरास ताजें दूध हवें. म्हणून नुकतीच व्यालेली म्हैस बाहेरून आणावयाची, आणि ती आटली कीं पोसणें परवडत नसल्यामुळें पुष्कळदां खाटकास द्यावयाची, असा तेथील शिरस्ता होता. भाकड काळाची जोखीम येथें मुक्या जनावराच्या मानेवर पडे, व चांगल्या वाणाच्या म्हशी अकालीं नष्ट होत. हे गोठे शहरांतून हलविण्यासाठीं १९४९ सालीं आरें येथें दूध वसाहत स्थापन झाली.

तिसरें उत्तर मक्त्याचें. १९४५ सालीं मुंबई सरकारनें शहराच्या दूधपुरवठ्याची योजना आंखली आणि आणंदहून चारशें किलोमीटरांहून अधिक अंतरावर दूध पोहोंचविण्याचें काम पोल्सन कंपनीकडे दिलें. सरकार, कंपनी व अडते यांचे हिशेब आपापसांत ठरले. उत्पादकास काय मिळावें, हें मात्र कोणी बांधून दिलें नाहीं. बाजार निश्चित झाला, पण त्या निश्चितीचा लाभ मधल्यांस आणि अनिश्चिति शेतकऱ्यास, अशी वांटणी झाली.

यांतूनच चौथें उत्तर निघालें. शेतकऱ्यांनीं वल्लभभाई पटेल यांचा सल्ला घेतला. त्यांच्या सांगण्यावरून मोरारजी देसाई खेडा जिल्ह्यांत आले, आणि ४ जानेवारी १९४६ रोजीं समरखा गांवीं सभा भरून गांवोगांव सहकारी मंडळ्या काढण्याचें ठरलें. सरकारनें दूध या मंडळ्यांच्या संघाकडूनच घ्यावें, ही मागणी मान्य होईना. तेव्हां शेतकऱ्यांनीं सुमारें पंधरा दिवस दूध देणें बंद ठेविलें. अखेर सरकार नमलें. १४ डिसेंबर १९४६ रोजीं संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष झाले. जून १९४८ पासून संघ दूध तापवून निर्जंतुक करून मुंबईस धाडूं लागला.

या संपाचें वर्णन पुष्कळ ठिकाणीं आढळतें. आमच्या मतें मात्र खरी कसोटी त्यानंतरची आहे. म्हशीचें दूध हिंवाळ्यांत उन्हाळ्याच्या दुपटीपलीकडे जातें, आणि मुंबईची गरज तर बारमाही सारखीच. हिंवाळ्यांतील जादा दूध घेण्यास योजना तयार नसे, सबब तें पुन्हां स्वस्तांत व्यापाऱ्याच्या हातीं जाई. संप करून भाव मिळतो. ऋतु कांहीं संपानें बदलत नाहीं. यावर उपाय एकच, जादा दुधाचें लोणी व भुकटी करून तें टिकविणें. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाहीं, असा परदेशी तज्ज्ञांचा समज होता. वर्गीस कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनीं तो खोटा ठरविला, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें आणंद येथील नव्या कारखान्याचें उद्‌घाटन झालें. सूक्ष्मपणें पाहतां हें पहिल्याच उत्तराचें मोठें रूप होय : जें काम पूर्वीं घरचें तुपाचें मडकें करी, तें आतां संघाचा कारखाना करूं लागला. भेद एवढाच, कीं थांबण्याची सवड आतां एकट्या कुळाची नसून सर्वांची झाली.

जोखीम यानें नाहींशी झाली नाहीं, ती वांटली गेली. दुधांतील स्निग्धांश मोजून रोजचा भाव, वर्षाअखेर उरलेल्या नफ्यांतून दुधाच्या प्रमाणांत हिस्सा, आणि पशुवैद्य व पशुखाद्य यांची सोय, असे तिचे भाग पडले. १९६५ सालीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन होऊन ही घडी देशभर नेण्याचा उपक्रम झाला. महाराष्ट्रांत कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ सालींच निघाला होता. तथापि भुकटीचा भाव जेव्हां जगाच्या बाजारांत कोसळतो, तेव्हां संघालाही तो झेलावा लागतो, व अखेर त्याची झळ गोठ्यापर्यंत पोहोंचते.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. गांवच्या दूध मंडळीचें भाववहीचें जुनें पान किंवा सभासदाचें दूधपुस्तक दिसण्यांत क्षुद्र वाटेल; परंतु कोणत्या महिन्यांत कोणाच्या म्हशीचें दूध किती उतरलें व त्यास काय मिळालें, याचा दुसरा साक्षीदार नाहीं. जुनीं दप्तरें वाण्याच्या पुड्यांत कशीं गेलीं, हें आम्ही जाणतों. या वह्यांची तीच गति होऊं नये.